भागाबाईंचे खोटे टाके

भागाबाई माणसाचं तोंड नंतर पाहत, आधी त्याची शिवण पाहत. खोली भाड्यानं मिळेल का हे विचारायला मी पहिल्यांदा त्यांच्या ओसरीवर गेलो, तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही. पुढे आल्या, माझ्या कोटाची खालची कड उलटी करून डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाल्या, "हे तुमीच शिवलं. लगन नाही झालं ना आजून?"

मी ओशाळून कबूल केलं.

"टाका लबाड नाही बोलत, मास्तर," त्या म्हणाल्या आणि खोली मला मिळाली. मी मास्तर असल्याचं मात्र बाहीवरच्या खडूनं सांगितलं असावं.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता आणि आमच्या शाळेचे साहेब नागपूरहून तपासणीला येत. अमरावतीत राहून मला त्या साहेबांची जेवढी भीती वाटली नाही, तेवढी भागाबाईंची वाटली. साहेब नुसत्या वह्या तपासत.

भागाबाई दुलया शिवत. पिंजाऱ्यानं पिंजून दिलेली रुई दोन कापडांच्या मधे अंथरायची आणि पायमशीनवर तिच्यावर चौकटी टाकायच्या. जाड रुईवर मशीन चालवणं येरागबाळ्याचं काम नव्हे. वरूडच्या संत्र्यांच्या बागवाल्यांपासून नांदगाव खंडेश्वरच्या पाटलांपर्यंत सगळ्यांच्या लेकींच्या लग्नाच्या दुलया इथूनच जात. ओळी अशा सरळ, की मी पट्टी लावून फळ्यावर काढलेली रेघ त्यांच्यापुढे वाकडी दिसावी.

मशीनला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. गल्लीतल्या शिंप्यानं एकदा भलेपणानं तेल द्यायला हात पुढे केला, तर त्यांनी त्याच्या बोटांवर फुटपट्टी मारली. तो हक्क एकाच माणसाचा होता, आणि तो माणूस अकोल्याला होता.

तो म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, नामा. आईच्या मांडीजवळ बसून तो मशीन खोलायला आणि जोडायला शिकला. त्यानं शेजारी बसून दुलया शिवाव्यात, ही आईची इच्छा. त्याला शिवण्यापेक्षा दुरुस्तीची गोडी. अकोल्याच्या एका मशीनच्या दुकानात त्याला मेकॅनिकची जागा मिळाली आणि तो निघाला. तेव्हा भागाबाई रागानं बोलून गेल्या, "जातं त जाय. पन मंग माह्या उंबऱ्यावर बिनकामाचा येजो नको."

नामा आईचाच मुलगा. त्यानं ते शब्द पक्के धरले. दोन वर्षं तो आला नाही, कारण काम निघालं नाही.

हे सगळं मला शेजाऱ्यांकडून कळलं. भागाबाई त्याचं नावसुद्धा घेत नसत. एके दिवशी मात्र मशीन बिघडली. दोरा पुन्हापुन्हा तुटू लागला. भागाबाईंनी मला हाक मारली. त्यांना लिहिता येत नव्हतं.

"मशीनवाल्याले लिवा," त्या म्हणाल्या. "दोरा तुटून राहिला, मना. येऊन पाहा लागन, मना."

सोबत बिघडलेल्या शिवणीचा एक तुकडा त्यांनी पाकिटात घातला. चौथ्या दिवशी नामाचं उत्तर आलं. "सुई उलटी बसली आहे. चपटी बाजू पाहून नीट बसवावी. टाका कसा येतो ते कळवावे." ना आशीर्वाद मागितला, ना खुशाली विचारली. भागाबाईंनी ते पत्र माझ्याकडून चार वेळा वाचून घेतलं, सुई फिरवली, मशीन सुरळीत चालली, आणि त्यांचं तोंड उतरलं.

पुढच्या आठवड्यात दुसरा बिघाड निघाला. कापडाखाली दोऱ्याचे गुंते येत होते. पाकीट, तुकडा. उत्तर आलं, वरचा दोरा ढिला आहे, ताण वाढवावा. मग टाके सुटू लागले. नामानं कागदात गुंडाळून जाड सुई पाठवली. मग कापड पुढे सरकेना. त्यानं कळवलं, खालच्या दात्यांत रुईचे तंतू अडकले असतील, ब्रशनं काढावेत. दर वेळी भागाबाई लिहायला सांगत, "येऊन पाहा लागन." दर वेळी तो बसल्या जागेवरून बिघाड दुरुस्त करी.

"इतका हुशार कायले झाला मेला!" त्या चिडून म्हणत. पण पत्राची घडी घालताना त्यांच्या तोंडावर वेगळंच काही दिसे. मग पत्र मशीनच्या खणात जाई.

एका रविवारी मी सहज डोकावलो, तर भागाबाई डाव्या हातानं मशीनचा कापड दाबणारा पाय मधूनमधून उचलत होत्या आणि पायानं मशीन चालवत होत्या. टाके भराभर सुटत होते. मला पाहून त्या दचकल्या, मग तोऱ्यात म्हणाल्या, "पाहून काय राहिले, मास्तर? चांगला टाका कोनीबी घालते. नेमका वाईट टाका घालाले अक्कल लागते."

मला हसू आलं, आणि लगेच फार वाईट वाटलं. दोन जिल्ह्यांत जिच्या टाक्याला नाव ठेवायला जागा नाही, ती बाई दर आठवड्याला बसून वाईट शिवण्याचा सराव करीत होती. कशासाठी, तर मुलगा घरी यावा म्हणून.

त्या दिवशी पत्र लिहिताना मी माझ्या मनाचं वाक्य घातलं, आई तुझी वाट पाहते, निघून ये. भागाबाईंनी कागद हातात घेतला आणि ओळींवरून बोट फिरवलं.

"म्या तीन ओयी सांगतल्या. ह्या चार काहून?"

अक्षरओळख नसलेल्या बाईनं मला पकडलं होतं. मला ते पत्र फाडून नवं लिहावं लागलं.

थंडी सुरू झाली, दुलयांची गर्दी झाली आणि भागाबाईंचे बिघाड संपले. त्या माझ्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. "मास्तर, तुमी शिकलेले. एखांदा बिघाड सांगा ना, टपालानं दुरुस्त न होनारा."

"मावशी, नुसतं 'ये' म्हणून लिहू का?"

"म्याच मनलं होतं त्याले, बिनकामाचा येजो नको. आता कोन्या तोंडानं बलावू?"

मग त्या आत गेल्या आणि एक तुकडा शिवून आणला. मी तो उलटसुलट पाहिला. टाका अगदी सरळ, मोत्यासारखा.

"लिवा, मशीन चांगली हाये. आता खोटं नाही शिववत, बाप्पा."

मशीन चांगली आहे, एवढंच मी लिहिलं आणि तो तुकडा पाकिटात घातला. आता पत्रं थांबणार, एवढीही भेट संपणार, असं वाटून मला पाकीट चिकटवायचा धीर होईना. त्यांनीच माझ्या हातातून घेऊन ते चिकटवलं.

चौथ्या दिवशी पत्र आलं नाही. नामाच आला. हातात हत्यारांची पिशवी, अंगावर रेल्वेची धूळ, आणि तोंड भागाबाईंचं. ओसरीवर माझ्या बाहीवरचा खडू पाहून त्यानं हळूच विचारलं, "मास्तर, माय बरी हाये ना?"

"ठणठणीत आहेत. का रे?"

"वर्सभर वाईट टाके येत होते, तवा समजे का माय बरी हाये. तो पाय उचलून घातलेला टाका मले काय वयखू येत नाही? परवा चांगला टाका आला अन् मी घाबरलो."

आतून भागाबाईंचा आवाज आला, "कोन हाये?"

"मशीनवाला," नामा म्हणाला आणि आत गेला.

"मशीन त चांगली हाये."

"पाहू त दे, माय."

भागाबाई सरकून बसल्या. नामानं मशीन खोलली, पुसली, तेल दिलं, पुन्हा जोडली. दोघंही बहुतेक मशीनबद्दलच बोलत होते. पट्टा ढिला झाला. रुई जाड हाये यंदाची. तू रोडावला काहून? दुकानात काम लय हाये. भागाबाईंनी शेंदूरजनाघाटच्या गिऱ्हाइकानं दिलेलं संत्रं सोलून त्याच्यापुढे ठेवलं, आणि त्यानं एकेक फोड खात सगळं संपवलं.

मशीनमध्ये काहीही बिघाड नव्हता. तरी पेचकस घेऊन नामानं सुई आवळायचा बारीक पेच काढला, उजेडात धरला आणि खिशात टाकला.

"याचे आटे गेले, माय. अकोल्याहून दुसरा आना लागन. पुढच्या महिन्यात घेऊन येतो."

"इसरशीन."

"नाही इसरत. आता काम हाये ना."

तो गेल्यावर मी शहाणपणा केला. "मावशी, त्या पेचाला काही झालं नव्हतं हो."

"मले काय दिसत नाही? चूप राहा."

महिनाभर मशीन बंद. गिऱ्हाइकं खोळंबली. भागाबाई दारात बसून दुलया हातानं शिवत होत्या, बोटांना चिंध्या बांधून. शेवटी गल्लीतल्या शिंप्याला राहवलं नाही. फुटपट्टीचा मार विसरून तो अगदी तसाच पेच शोधून घेऊन आला.

भागाबाईंनी मानही वर केली नाही.

"ने बाप्पा तो वापस," त्या अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या. "माहा मशीनवाला येनार हाये."