पाटावरून न उठलेले नऊ

रविवारी सकाळी अकराला अंबरपेठेतल्या फ्लॅटची बेल वाजली, तरी श्रीनिवासराव जागचे उठले नाहीत. मुलीच्या बापानं धावत जाऊन दार उघडू नये, असा त्यांचा बाणा. दार निर्मलाबाईंनी उघडलं आणि त्या तशाच मागं फिरल्या.

"अहो, मुलगा आला. म्हणजे... मुलगे आलेत!"

"किती?"

"जिना भरलाय!"

लेक सुप्रियानं हा बघण्याचा कार्यक्रम मोठ्या मिनतवारीनं कबूल केला होता. एकच मुलगा, एकदाच. त्यातून काही निघालं नाही, तर पुन्हा घरात लग्नाचा विषय काढायचा नाही. मुलगी शब्दाला पक्की, आणि आईला धास्ती होती ती त्याचीच. मुलगा हैदराबाद न सोडणारा, पत्रिका न मागणारा आणि मांजर चालणारा हवा होता. या चाळणीतून आशिष नावाचा एकच इसम खाली पडला. त्याचा फोटो लेकीनं गुपचूप पुन्हा उघडून पाहिला, हे निर्मलाबाईंच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

मराठी मंडळाचं वधुवर खातं श्रीनिवासरावांच्या प्रोग्रामवर चालायचं. आयुष्यभर सरकारी कचेरीत त्यांनी सी भाषेत कोड लिहिला, तिच्या पोटात डेटाबेसाकडून माहिती मागणारी एसक्यूएलची वाक्यं बसवली. निवृत्तीनंतर हात शिवशिवले, म्हणून मंडळालाही तसंच लिहून दिलं. प्रोग्राम प्रत्येक मुलीला जुळणारी पहिली दहा स्थळं डेटाबेसातून उचलायचा, ॲरेत म्हणजे दहा खणांच्या रांगेत बसवायचा, आणि खणाखणातल्या माणसाला भेटीचा निरोप धाडायचा. यात चूक निघेल हा विचार त्यांच्या मनाला कधी शिवला नव्हता.

"दहा आले म्हणजे दहा जुळले," ते ठामपणे म्हणाले. "सुप्रिया, तूच अटी सैल केल्या असशील."

"मी? बाबा, मी कायकू सैल करू?"

तोवर बैठक भरली होती. शेजारच्या रंगाम्मांच्या खुर्च्या आल्या, मग त्यांचा झोपाळा आला. पोहे आधी बशीतून, मग वाटीतून आणि शेवटी चमच्यानं वाटले गेले. एका मुलाचे आजोबा वॉशिंग मशीनवर बसले आणि तिथूनच त्यांनी पत्रिका मागितली. गंगू नावाचं मांजर पाहुण्यांतून फिरू लागलं, तशा चहूकडून शिंका सुरू झाल्या.

"बाबा, हा निळ्या शर्टवाला पुढच्या महिन्यात कॅनडाला चाललाय," सुप्रिया दातओठ खात पुटपुटली. "त्या तिघांना मांजर सोसत नाही. आणि आजोबांना पत्रिका पायजे!"

"डेटा जुना असेल. प्रोग्राम बरोबर आहे."

आशिषला जागा मिळाली ती चपलांच्या रॅकवर. त्याच्या आई त्रिवेणीबाई उभ्याच होत्या, आणि त्यांचा चेहरा पाहून निर्मलाबाई आणखी एक खुर्ची शोधायला धावल्या.

"उठ रे आशिष," त्रिवेणीबाई कडाडल्या. "एकाच वेळी दहा पोरं? हे स्वयंवर असंल तर धनुष्य कुठं ठेवलंय ते तरी दाखवा!"

आशिष उठणार कसा? गंगू त्याच्या मांडीवर झोपलं होतं. सुप्रियानं ते पाहिलं आणि तिचा जीव थोडा थोडा झाला. एकच मुलगा मागितला, तोही बापाच्या हट्टापायी दारातून परत चालला.

"काका, एक विचारू?" आशिष म्हणाला. मग इतरांकडे वळून, "तुम्ही याच्या आधी मंडळातर्फे कुणाला बघितलं?"

"दिलसुखनगरची रेणू!" नऊ घरांनी एका सुरात सांगितलं.

"यादीत रेणूनंतर सुप्रिया. बरोबर? काका, फेचनं म्हणजे डेटाबेसातून उचलताना किती स्थळं आली, ते तुमचा प्रोग्राम मोजतो का?"

श्रीनिवासराव उठले. लॅपटॉप आणला, चष्मा चढवला. त्यांचे कान लाल झाले. 'डेटा जुना' म्हणून अजूनही वेळ मारून नेता आली असती. पण लेकीचा चेहरा समोर होता.

"मंडळी, चूक माझी आहे," ते म्हणाले. "पंगतीत दहा पाट. आधीच्या पंगतीला रेणूची दहा स्थळं बसली. नंतर सुप्रियासाठी आशिष एकटाच आला, तो पहिल्या पाटावर बसला. मागचे नऊ मी उठवलेच नाहीत. कोण कुठल्या पंगतीचं हे न बघता मी आपला वाढत सुटलो."

निर्मलाबाई हातातली बशी तशीच धरून ऐकत राहिल्या. 'चूक माझी' हे शब्द त्यांनी लग्नापासून पहिल्यांदाच ऐकले होते.

नऊ घरं उस्मानिया बिस्किटं खाऊन, एकमेकांच्या चपला घालून गेली. रेणूच्या पहिल्या पाटावरच्या मुलाची जागा आशिषनं घेतली होती, त्यामुळे त्या मुलाला इकडचा निरोपच गेला नव्हता. रेणूनं पसंत केला होता तो नेमका तोच. सुप्रिया नि आशिष मांजर घेऊन गच्चीत गेले, आणि त्रिवेणीबाई अखेर खाली बसल्या.

बऱ्याच वेळानं सुप्रिया परत आली. "आई," ती भिंतीकडं बघत म्हणाली, "विषय काढायला हरकत नाही."

निर्मलाबाईंनी डोळे पुसले. तेवढ्यात मंडळाचे अध्यक्ष हिम्मतराव यांचा फोन आला.

"ऐकलं ते खरं? तुमच्याकडं दहा स्थळं आली म्हणे?"

"माफ करा. प्रोग्रामात चूक होती. आत्ताच दुरुस्त केली."



"कायकू केली हो?" हिम्मतराव काकुळतीला आले. "आमच्या रंजनाला एकच स्थळ निघतंय. तेवढ्यापुरती ती चूक परत घाला की!"

"ते मला जमणार नाही, हिम्मतराव," श्रीनिवासराव खिन्नपणे म्हणाले. "चुका मी मुद्दाम कधी केल्याच नाहीत."