दोन खोळींचा मिक्सर

वस्तूचा पुरेपूर उपयोग करून घ्यायचा, तर ती वापरून चालत नाही. वापरली की झिजते, झिजली की बिघडते, आणि बिघडलेल्या वस्तूचा उपयोग काय? या शास्त्रात आईचा हात धरणारं घरात कुणी नव्हतं. तिचा पीठ मळायचा, केक फेटायचा स्टँड मिक्सर अकरा वर्षांत एकदाही बिघडला नाही. (एकदाही सुरू केला नव्हता, या तपशिलाने निष्कर्षाला बाध येत नाही.)

आईला जाऊन तीन आठवडे झाले होते आणि मुलगी अजून तिथेच होती. ओटा आवरताना तिने मिक्सरवरची खोळ काढली. खाली दुसरी खोळ निघाली. ती मळू नये म्हणून वरची शिवलेली. त्याखाली कंपनीचं प्लॅस्टिक, जसंच्या तसं.

तरी यंत्र नुसतं पडून होतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्याच्या वेगळ्या ठेवलेल्या भांड्यात रबरबँड, सुटी बटणं आणि कुलपं हरवलेल्या चार किल्ल्या होत्या. पीठ मळायचा आकडा दारामागच्या खिळ्याला अडकवून त्यावर पिशव्या टांगल्या होत्या. यंत्राचं वजन नऊ किलो, त्यामुळे त्याखाली दडपलेल्या दवाखान्याच्या चिठ्ठ्या मुलांच्या नजरेस पडत नव्हत्या. (ही सोय माहितीपुस्तिकेत दिलेली नाही.) आई रोजचं पीठ त्याच्याच शेजारी, मनगटाला पट्टा बांधून, हाताने मळायची. मिक्सरला दोन वर्षांची हमी होती, मनगटाला नव्हती.

धाकट्या भावाने सरळच विचारलं, "ताई, हा मी नेऊ? आमच्याकडे रोज चालेल तरी."

मुलगी ओटा पुसत राहिली. द्यायचा नव्हता, आणि का द्यायचा नाही हे सांगता येत नव्हतं. मग तिने मावशीला विचारलं, आईने हा ठेवला होता तरी कुणासाठी?

"कुणासाठी म्हणजे? तुझ्यासाठी," भाजी निवडता निवडता मावशी म्हणाली. "तू निवांत राहायला आलीस की काढायचा, केक करायचा, असं होतं तिच्या मनात. दर वेळी विचारायची ना तुला, किती दिवस आहेस? तू म्हणायचीस, दोन. मग मला म्हणायची, दोन दिवसांसाठी कुठे पसारा मांडू."

मुलीने हिशोब केला. एकूण भेटी बावीस. सरासरी मुक्काम पावणेदोन दिवस. परतीचं तिकीट आधीच काढलेलं, बावीस वेळा. चालू मुक्काम एकवीस दिवस. म्हणजे निवांत राहण्याची अट आता पूर्ण झाली होती.

तिने प्लॅस्टिक फाडलं, किल्ल्या बाजूला काढल्या, भांडं घासलं. मिक्सर पहिल्याच झटक्यात सुरू झाला. आईचं शास्त्र खरं ठरलं. केकही बरा झाला. तिघांनी एकेक तुकडा खाल्ला. चौथा तुकडा ताटलीत तसाच राहिला.

"ने तू," दुसऱ्या दिवशी ती भावाला म्हणाली. "खोळी तेवढ्या इथे राहू देत."

"अगं, मग धूळ नाही का बसणार?"

"बसू दे."

वाचणाऱ्याला यात हसू आलं असेल, तर संकोच नको. तुमच्या आईच्या घरीही वरच्या फळीवर एखादा कोरा खोका असेलच. तो कशासाठी जपलाय, हे तिला विचारायची गरज नाही. मागच्या खेपेला तुम्ही किती दिवस राहिलात, तेवढं आठवलं की पुरे.