अमडापूरचा चहापात

शके १९४७, कार्तिक मास, सकाळी सव्वानऊच्या सुमारास अमडापूर मुक्कामी चहाचा भरला कप लॅपटॉपवर सांडला. जाहले वर्तमान, पदरचे काही न घालता, येणेप्रमाणे.

लॅपटॉप चिरंजीव कन्या निशिगंधा हिचा. दुसरे दिवशी तिला चिखलीच्या एका महाविद्यालयात प्राध्यापकपदाच्या मुलाखतीस हजर होऊन नमुन्याचा तास घेणे होते, आणि त्या तासाचे नकाशे, चित्रे, आलेख, महिन्याची सारी मेहनत त्या एकाच यंत्रात कैद होती, आणि त्याची नक्कल दुसरीकडे ठेवण्याचा मनसुबा रोज उद्यावर ढकलला जात होता.

अशा नाजूक समयी मामा, राजेश्री शेषराव उंद्रीकर, भाचीस आशीर्वाद देण्यास दाखल जाहले आणि दिवाणावर लॅपटॉपशेजारी बैठक मारून बसले. मातोश्री कोकिळाबाईंनी आले घातलेला चहा पुढे केला. मामांनी रिवाजाप्रमाणे नकार दिला, आणि मातोश्रींनी रिवाजाप्रमाणे तो फेटाळला, आणि मामांनी कप मागे लोटला, आणि मातोश्रींनी तो दुप्पट जोराने पुढे लोटला.

"घे न रे, अर्धाच तं हाये," असे फर्मान सुटले. कप काठोकाठ भरला होता, हे नमूद करणे प्राप्त आहे.

"आताच पिऊन आलो न बाई," असा जबाब गेला, आणि तिसऱ्या लोटालोटीत कपाने दोन्ही पक्ष सोडले. पडदा काळा जाहला.

निशिगंधा ओरडली नाही. तिने बटण दाबून यंत्र बंद केले, तार उपसली, यंत्र पालथे घातले आणि हुकूम जारी केला की, "आता कोणीच हात लावाचा नाही." मामांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसण्यास आरंभ करून तो हुकूम तत्क्षणी मोडला.

मग वडील भागवतराव खळ्यावरून परतले. गतसाली बाजारात व्यापाऱ्यांनी त्यांचे सोयाबीन ओले ठरविले, तेव्हापासून त्यांनी ओल मोजण्याचे यंत्र स्वतः बाळगले होते, आणि जगातील यच्चयावत वस्तू एकतर ओली अथवा वाळलेली, हा त्यांचा सिद्धांत होता. त्यांनी आज्ञा केली की लॅपटॉप ताडपत्रीवर पसरून उन्हात टाकावा.

"उन्हानं खराब होईल, बाबा."

"सोयाबीनले चालते, मंग याले काऊन नाही?"

"सोयाबीनले स्क्रीन नसते."

भागवतरावांनी यावर विचार केला, आणि मग तह जाहला: पत्र्याच्या कोठीत वाळले सोयाबीन, त्यावर सुती लुगड्यात गुंडाळलेला लॅपटॉप, आणि वर झाकण. परंतु यंत्र वाळले हे कळावे कसे, हा पेच उरला. लॅपटॉप काही ओल मोजण्याच्या वाटीत मावेना. तो पेच निशिगंधेनेच सोडविला. लॅपटॉप नव्हे, त्याखालचे दाणे मोजावे. दाणे ओल पिऊन थांबले की यंत्र कोरडे. दुपारी दाण्यांची ओल चढली, तेव्हा बापलेकींनी ते बदलून ताजे भरले, आणि सांजेस पुन्हा मोजले, तो काटा जागचा हलला नव्हता.

"माल वाळला," असा निवाडा भागवतरावांनी दिला.

त्या अवघ्या दिवसात मामांनी पुढे आलेला एकही चहा नाकारला नाही.

प्रातःकाळी निशिगंधेने बटण दाबले. आधी पंखा फिरला, मग पडदा उजळला, आणि तिने प्रथम कार्य हे केले की सारा तास पेनड्राइव्हवर उतरवून घेतला, आणि मगच हसली. मातोश्रींनी देवापुढे साखर ठेवली. फत्ते जाहली, ती येथे रीतसर नोंदविली असे.

पुढे चिखलीस तास उत्तम जाहला. अर्ध्यात यंत्र तापले आणि दालनात आल्याचा सुवास दरवळला, तेव्हा समितीच्या अध्यक्षांनी इकडेतिकडे पाहून सर्वांसाठी चहा मागविला. निशिगंधेने आपला कप दूर खिडकीत ठेवविला. अखेरीस समितीने "कळवू" म्हणून निरोप दिला.

मामांनी निकाल लागेतो अमडापूर न सोडण्याची प्रतिज्ञा केली असून ते दिवाणावर तळ देऊन आहेत. आज दुपारी फोन वाजला, आणि चौघेही धावले. तो उंद्रीहून मामींचा होता. मामा घरी केव्हा येणार, अशी पृच्छा होती. चिखलीचा फोन अद्याप आलेला नाही.