ओल्या साड्यांचा पाणीतंटा

मिहिर आणि तन्वी, तुमच्या कॅनडातल्या शाळेत संघराज्य आणि संसदीय सरकार शिकवतात आणि त्यातलं काही कळत नाही, असं रविवारी फोनवर म्हणालात. पुस्तक जरा बाजूला ठेवा. मी तुम्हाला आमच्या लालबागच्या चाळीतले बापू परब सांगते.

बापू बायकोकडे चहा मागत नसत. ‘विनंती’ करत. कारण चहा हा विषय राज्यसूचीत येतो. एकदा त्यांनी आपणहून गॅस पेटवला, तेव्हा कुसुमवहिनी मालवणीत म्हणाल्या, “चाय राज्याची. केंद्रान हात लावूचो नाय.” बापू निमूट गॅलरीत आले आणि मला म्हणाले, “वहिनी, राज्यघटना म्हणजे राज्यघटना.”

बापू नोकरीतून निवृत्त झाले आणि आमच्या चाळीचं संघराज्य झालं. प्रत्येक मजला हे एक राज्य. आपल्या मजल्यावरचे दिवे, झाडलोट, नळाच्या पाळ्या ज्याच्या त्याने बघायच्या. जिना, गच्ची आणि टाकी केंद्राची. केंद्र म्हणजे चाळसमिती, आणि बापू तिचे पंतप्रधान. मजल्यामजल्यावरून निवडून आलेली माणसं गच्चीवर जमत आणि हात वर करून मत देत. बहुमत आहे तोवर सरकार. सरकारचा मोठा ठराव पडला की बापू राजीनामा देत, आणि दुसरं कोणी तयार नसल्यामुळे सकाळी तेच पुन्हा निवडून येत.

मी इंग्रजी शाळेत शिकलेली आणि वेळेवर येणारी, म्हणून मला सभापती केलं होतं. सभापतीने मत द्यायचं नाही. मतं समसमान पडली तरच द्यायचं, आणि तेही आहे ते तसंच राहील असं. हे मला बापूंनीच शिकवलं.

माझ्या उजवीकडे सरकार, डावीकडे विरोधी पक्ष. डावीकडची पहिली खुर्ची विरोधी पक्षनेत्या कुसुमवहिनींची. नवराबायको एका खोलीतून निघत, जिना बरोबर चढत आणि वर येऊन समोरासमोर बसत.

भांडण एकच. दुसऱ्या मजल्यावरच्या ओल्या साड्या पहिल्या मजल्यावर ठिबकत, नेमक्या बापूंच्या वर्तमानपत्रावर. पाणी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातं, तेव्हा हा आंतरराज्य पाणीतंटा, केंद्राने सोडवायचा. गॅलरीत ओले कपडे वाळत घालू नयेत, असा ठराव बापू दरवर्षी आणत. वहिनी उठत. “वरच्या बायकांनी पोरांचे कपडे खंय सुकत घालूचे? दोन थेंबांनी माणूस काय इरघळता?” ठराव पडे. खाली आल्यावर वहिनी विचारत, “माजी पंतप्रधानांक चाय व्हयी?”

गेल्या वर्षी कुसुमवहिनी गेल्या. त्यानंतरच्या बैठकीत बापूंनी नेहमीचा ठराव मांडला. डावीकडची पहिली खुर्ची रिकामी होती. “या वेळी होऊ दे त्यांच्या मनासारखं,” दुसऱ्या मजल्यावरची सुलभा शेजारणीला म्हणाली. सगळे हात वर गेले.

मी निकाल सांगणार, तेवढ्यात बापू उठले. “सभापती महोदया, विरोधी पक्षाचं भाषण झालेलं नाही.”

“बापू, विरोधात कोणीच नाही.”

ते उजवीकडून डावीकडे आले. त्या खुर्चीवर बसले नाहीत, तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. बैठकीत एरवी अगदी शुद्ध बोलणारे बापू म्हणाले, “वरच्या बायकांनी पोरांचे कपडे खंय सुकत घालूचे? दोन थेंबांनी माणूस काय इरघळता?”

कोणी हसलं नाही. मी पुन्हा मतं घेतली. आधी सुलभाचा हात खाली राहिला, मग तिच्या बाजूच्या बायकांचे. या वेळी मतं समसमान पडली. मी नियमाप्रमाणे मत दिलं आणि ठराव पडला. बापूंनी राजीनामा दिला.

जिना उतरताना मी म्हटलं, “बापू, तुमच्या खोलीत येऊन चहा टाकते.”

“नको, वहिनी. दुसऱ्याच्या राज्यात हस्तक्षेप होईल.”

साड्या अजून ठिबकतात. बापू त्यांच्याखालीच पेपर वाचतात आणि चहा नाक्यावर जाऊन पितात. घरातल्या गॅसला त्यांनी अजून हात लावलेला नाही.