गुलाबरावांच्या गाडीची चार बोटं

गुलाबराव वानखडे भर रस्त्यात आडवे झाले, की नवख्या माणसाला वाटे, याला भोवळ आली. कुणी पाणी आणायला धावे, कुणी कांदा. अकोल्याच्या मोटर स्टँडवरची माणसं मात्र त्यांना वळसा घालून निघून जात. नवी मोटार दिसली की हा पंचेचाळिशीचा गृहस्थ धुतल्या पायजम्यानिशी पालथा पडणार, गाल जमिनीला टेकवणार आणि मोटारीच्या खालून पलीकडचं जग पाहणार, हे सगळ्यांना पाठ होतं. उठल्यावर धूळ न झटकताच ते मला निकाल देत.

"तोंड काय पाहता, मास्तर? पोट पाहा!"

एकदा कुणा बड्या साहेबाची चकचकीत गाडी स्टँडवर उभी होती. लोक तिच्या काचेत पाहून भांग पाडत होते. गुलाबराव खालून बाहेर आले आणि साहेबाच्या ड्रायव्हरला हळहळून म्हणाले, "हिले डांबरावरच ठेवजो, बाप्पा. लय गरीब हाय बिचारी, पोट भुईलेच लागते."

मी त्यांचा शेजारी, नगरपालिकेच्या शाळेत मास्तर. मला मोटारीतलं ओ की ठो कळत नाही, आणि बहुधा म्हणूनच ते सगळं मला समजावून सांगत. त्यांच्याकडे मिलिटरीच्या लिलावातून घेतलेली पिकअप होती. तिच्यातून ते संत्री, सरकी, एखाद्या लग्नाची भांडी नेत. गाडी उत्तम होती. दुखणं एकच, ती बुटकी होती.

आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात लोण्यासारखी होते. बैलगाड्यांची चाकं तिच्यात दोन खोल चाकोऱ्या पाडतात आणि मधोमध उंचवटा राहतो. पाऊस सरला की तो उंचवटा विटेसारखा कडक वाळतो. बैलगाडीचं काही अडत नाही. पिकअप मात्र त्याच्यावर पोट टेकून बसे आणि चाकं नुसती गरगरत.

असल्या रस्त्याच्या वाटेला गुलाबराव गेलेच नसते. पण बार्शीटाकळीच्या पलीकडे, तसल्याच चार मैलांच्या रस्त्यावर त्यांच्या बायकोचं, अनसाबाईंचं माहेर होतं. विहिरीवर पडून अनसाबाईंचा उजवा गुडघा आखडला होता, बैलगाडीचे हादरे त्यांना सोसत नव्हते. तिकडे त्यांची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली. बाजाराला येणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर तिचा निरोप येई, "अनसीले एकडाव पाहू द्या." मागच्या दिवाळीला दोघं निघाले होते. दीड मैलावर गाडी पोट टेकून बसली आणि अनसाबाईंना तसंच परत आणावं लागलं. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. त्या न बोलण्यानं गुलाबराव वर्षभर झुरत होते. या दिवाळीला नेणारच, असं त्यांनी म्हातारीला कळवून टाकलं होतं.

तेव्हा गाडी उंच करायची, हे ठरलं. कशानं आणि किती, यावर दोन महिने गेले. अमरावतीचे उस्ताद म्हणाले, चाकांवरच्या कमानीत, म्हणजे स्प्रिंगेत, दोन लोखंडी पाटे वाढवा. अकोल्यातला मिस्त्री म्हणाला, चाकंच मोठी घाला. आमच्या गल्लीतला लोहार म्हणाला, चाकांचा आस आणि कमान यांच्यामध्ये बाभळीचा ठोकळा बसवा. गुलाबराव प्रत्येकाकडे तीन-तीनदा गेले. रिकाम्या गाडीत पाटा किती उसळेल? चिखलदऱ्याच्या घाटात ठोकळा सरकला तर? उस्ताद शेवटी कावले.

"गाडी उंच करून राहिले का पोरगी देऊन राहिले?"

"जलमभराचा सवाल हाय ना, उस्ताद," गुलाबराव गंभीरपणे म्हणाले.

अखेर पाट्यांवर शिक्कामोर्तब झालं. राहिली उंची. खिशातून त्यांनी एक सुतळी काढली. तिला दोन गाठी होत्या.

"वरची गाठ रस्त्याची. सहा बोटं उचलली का गाडी सुटते."

"मग ही खालची, चार बोटांची?"

"थे घरचं माप हाय," असं म्हणून त्यांनी सुतळी खिशात घातली.

या मापाचा उलगडा मला कुंपणावरून झाला. गुलाबराव परसात विटा रचून उभे होते आणि अनसाबाई त्यांवर डावा पाय ठेवून चढत होत्या. "नवी पायरी बांधाची हाय, कितीक उंच बांधू सांग," असं त्यांनी बायकोला खोटंच सांगितलं होतं. विटांची उंची गाडीच्या आताच्या पायरीपेक्षा चार बोटं वाढवली, तोवर अनसाबाई चढल्या. पाचव्या बोटाला त्यांनी ओठ घट्ट मिटले. गुलाबरावांनी लगेच वीट काढून घेतली.

मी म्हणालो, "अहो, मग एक चौरंग ठेवा की गाडीत!"

माझं शहाणपण अनसाबाईंच्या कानावर गेलं. "चौरंगावर चढून बसू?" त्या तिथूनच कडाडल्या. "मी काय मिरवणुकीतली मूर्ती हाओ? आपल्या पायानं चढीन, नाई तं घरीच बरी!" मी गुपचूप घरात गेलो.

पाटे चारच बोटांचे बसले. मी काळजीनं विचारलं, "आणि उरलेली दोन बोटं?"

"त्याचं मी पाहतो," गुलाबराव म्हणाले. नंतर दर रविवारी पहाटे ते सायकल काढून नाहीसे होत. संध्याकाळी परतत ते धुळीनं माखलेले. कुठेतरी मोटारींची पोटं पाहत लोळत असतील, असं म्हणून मी सोडून दिलं. एवढा शेजार असून मला शंका आली नाही, याची आजही लाज वाटते.

दिवाळीला त्यांनी मलाही बरोबर घेतलं, बहुधा ढकलायला. अनसाबाई एका हातानं दांडी धरून, आपल्या पायानं, ताठ मानेनं गाडीत चढल्या. मी मागे बसलो. बार्शीटाकळी सुटली, चाकोऱ्या लागल्या. आता घासेल, मग घासेल, म्हणून मी जीव मुठीत धरून बसलो. दीड मैलाची ती जागा मागे पडली. काही घासलं नाही. मी वाकून खाली पाहिलं. मधला उंचवटा जिथे जिथे वर आला होता, तिथे तिथे तो कुदळीनं छाटलेला होता. दोन बोटं, मोजून. गावापर्यंत तसाच.

म्हातारीला खाटेवरून दाराशी आणलं होतं. अनसाबाई स्वतः उतरल्या, लंगडत गेल्या आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. थोड्या वेळानं डोळे पुसून अभिमानानं म्हणाल्या, "माय, गाडीच इतकी उंच करून आणली यायनं! रस्ता कुठी लागलाच नाई."

गुलाबराव तेवढ्यात गाडीशेजारी पालथे पडले होते. ते बराच वेळ उठेनात, म्हणून मीही शेजारी आडवा झालो. त्यांचे तळहात फोडांनी भरलेले होते. गाडीच्या खालून, त्या चार बोटं वाढलेल्या फटीतून, पलीकडे मायलेकी दिसत होत्या. गुलाबराव रडत होते.

"सांगा ना त्यांना, रस्ता कुणी छाटला ते," मी म्हणालो.

"गप ऱ्हा, मास्तर," ते बाहीनं नाक पुसत पुटपुटले. "मी पाटे पाहून राहिलो."