मी वॉटर पंप बदलतो

आमच्या घरात गाडी चालवते ती बायको. मी शेजारी बसतो आणि मागून कोणी येत नाही ना, एवढं बघतो. (ती तेही पुन्हा स्वतः बघून घेते.) तिची शाळेची व्हॅन आहे, डिझेलची, चौदा वर्षांची. सकाळी अकरा मुलं शाळेत सोडायची आणि दुपारी घरोघर पोचवायची, हा तिचा व्यवसाय. मुलं तिला व्हॅनकाकू म्हणतात आणि मला ‘व्हॅनकाकूंचे ते’ म्हणतात. मी नोंदणी कार्यालयात कारकून आहे. तिथेही माझी ओळख साधारण याच धर्तीची आहे.

एका रविवारी सकाळी व्हॅनखाली मला हिरवट पाण्याचं बशीएवढं थारोळं दिसलं. बायको आंघोळीला गेली होती. मी बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं आणि बराच वेळ बघत राहिलो. पंख्याच्या मागे एक लोखंडी गाठोडं होतं. त्याच्या पोटाला पेन्सिलीच्या टोकाएवढं भोक होतं आणि त्या भोकातून थेंब थेंब पाणी गळत होतं. पाणी भोकातून येतंय, तर भोक बुजवावं. इतका सरळ विचार मला आयुष्यात फार वेळा सुचलेला नाही. दोन कांड्या एकत्र मळून लावायची पुट्टी घरात होती. ती मळली, भोकात कोंबली, अंगठ्याने सारखी केली. दुपारपर्यंत दगड झाली आणि गळती बंद. बायकोला काहीच सांगितलं नाही. चांगलं काम करावं आणि बोलू नये, असा माझा स्वभाव आहे. (वाईट कामाच्या बाबतीतही हाच आहे.)

बुधवारी व्हॅन किंचाळायला लागली. मुलांना मजा वाटली. ती त्या किंचाळीच्या सुरात सूर मिसळून पाढे म्हणू लागली. गुरुवारी शेवटचं मूल सोडून परत येताना तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला. बायकोने क्षणात इंजिन बंद केलं, म्हणून ते वाचलं. एका टेम्पोवाल्याने दोर बांधून व्हॅन घरापर्यंत ओढून आणली. मी फाटक उघडून उभा होतो.

बायकोने बॉनेट उघडलं, पंखा हाताने धरून हलवला. तो हलणाऱ्या दातासारखा डुगडुगला.

“पंप गेला,” ती म्हणाली.

“कुठे?” मी विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि हात धुवायला गेली.

आमचा मिस्त्री मुलीच्या बाळंतपणासाठी परगावी गेला होता, तो बारा दिवसांनी येणार होता. दुसऱ्या दोन गॅरेजवाल्यांनी पुढच्या आठवड्यातली तारीख दिली. इकडे सोमवारपासून मुलांची परीक्षा. आणि कोपऱ्यावरच्या एका नव्या कोऱ्या व्हॅनवाल्याने त्याच संध्याकाळी आमच्या दोन पालकांना गाठून, माझ्या गाडीत जागा आहे, असं सांगितल्याचं कानावर आलं. बायको जेवताना एवढंच म्हणाली, की एकदा दुसऱ्या गाडीत बसलेलं मूल परत येत नाही. ती चिडली असती तर मी गप्प बसलो असतो. पण ती नुसतीच ताट पुढे सरकवून बसली. माझ्या पोटात ती पुट्टी दगडासारखी बसली होती. मी म्हणालो, “पंप मी बदलतो. रविवार संध्याकाळपर्यंत.”

मी मिस्त्रीला फोन केला. आवाज तुटक येत होता. मी सगळं सांगितल्यावर त्याने जे उत्तर दिलं, त्यातलं ‘हात लावू’ एवढंच मला ऐकू आलं. मी त्याला परवानगी समजलो.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. काउंटरवर मालक होता. त्याने गाडीचं मॉडेल विचारलं, ते मी सांगितलं. कुठल्या वर्षीची, तेही सांगितलं. मग त्याने विचारलं, की पट्टा पंपाच्या पुलीवर कुठल्या बाजूने बसतो, आतल्या की पाठीच्या. मी म्हणालो, “नेहमीच्याच.” त्याने जुना पंप मागितला. तो अजून गाडीतच होता. मी मोबाइलवर काढलेला फोटो दाखवला. त्यात माझा अंगठा फार सुंदर आला होता. मालकाने दोन बोटांनी फोटो मोठा केला, अंगठा मोठा झाला. शेवटी मागे रांग लागली म्हणून त्याने एक खोका माझ्या हातात दिला आणि म्हणाला, “बहुतेक हाच असेल.” ऑफिसात ‘बहुतेक’ या शब्दावर मी आजवर शेकडो अर्ज परत पाठवले आहेत. त्या दिवशी मात्र खोका बगलेत मारला आणि निघालो.

शनिवारी बायको पालकांना भेटून धीर द्यायला गेली आणि मी अंगणात कामाला लागलो. घरी सासूबाई होत्या. दीड वर्षापूर्वी निवृत्त झाल्यापासून त्या आमच्याकडेच राहतात. महिन्यापूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यावर प्लास्टिकची वाटी होती, आणि वाकायचं नाही, उचलायचं नाही, धुळीत जायचं नाही, असा डॉक्टरांचा हुकूम होता. त्या व्हरांड्यात खुर्चीवर रेडिओ लावून बसल्या होत्या.

सासूबाईंनी एकतीस वर्षं बसडेपोच्या स्टोअरमध्ये काढली होती. खिडकीत उभं राहून मेकॅनिकांना सुटे भाग काढून द्यायचे. शेवटच्या वर्षी तिथे कॉम्प्युटर आला आणि लोक त्यांना काही विचारेनासे झाले. निरोपाच्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी सांगून टाकलं होतं, की आता माझ्यापुढे कुणी यंत्राचं नाव काढायचं नाही. तेव्हापासून त्यांना काहीही विचारलं, की “तुमचं तुम्ही बघा,” एवढंच उत्तर मिळायचं. ऑपरेशनला जातानासुद्धा त्या म्हणाल्या होत्या, नीट दिसून तरी आता बघायचंय काय.

मी पाणी बादलीत काढलं. (निम्मं बादलीत, निम्मं बाहीत.) पट्टा सोडवला, पंखा काढला, पुली काढली. मग पंपाचे बोल्ट एकेक काढून स्टीलच्या वाडग्यात टाकू लागलो. तिसरा बोल्ट टण्णकन पडला आणि रेडिओ बंद झाला.

“बोल्ट एकत्र टाकताय?” व्हरांड्यातून आवाज आला.

मी म्हणालो, सगळे सारखेच तर आहेत.

“सारखे नसतात. आत्ता पडला तो लांब होता.”

मी वाडग्यात पाहिलं. तो खरंच लांब होता. पण तोवर काय व्हायचं ते झालं होतं. उरलेलेही मी भराभरा काढून टाकले आणि पंप हातात घेऊन, युद्ध जिंकल्यासारखा व्हरांड्यात गेलो. सासूबाईंनी हात पुढे केला. मी पंप त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी डोळे मिटले आणि बोटं फिरवायला सुरुवात केली. बोटं पुलीच्या टोकावरून खाली आली, अंगावरून फिरली, आणि पोटापाशी थांबली.

“हे काय भरलंय?”

मी खोकलो. मग सगळं सांगितलं, रविवारपासूनचं. मी थांबल्यावर, खिडकीवरच्या नवख्या मेकॅनिकला सांगावं तशा शांतपणे बोलल्या, “ते भोक गळण्यासाठीच असतं. आतलं सील गेलं की पाणी तिथून बाहेर पडतं, म्हणजे बेअरिंगमध्ये जात नाही. पंप आठ दिवस आधी सांगत असतो, मी चाललोय, दुसरा बघा. तुम्ही त्याचं तोंड दाबलंत.”

म्हणजे रविवारी मी हात लावला नसता, तर मिस्त्री गावाला जायच्या आधीच पंप बदलून झाला असता. (तो सोमवारी गेला होता.) मी पायरीवर बसलो आणि हळूच म्हणालो, हिला सांगू नका.

“मी नाही सांगणार,” सासूबाई म्हणाल्या. “तुम्ही सांगा. आता नवा पंप द्या इकडे.”

खोका उघडून दिला. दोन्ही पंप त्यांनी मांडीवर शेजारी शेजारी ठेवले. मला तर जुळी भावंडं वाटली. तेवढीच भोकं, तेवढीच उंची. त्यांनी आतल्या चाकाच्या पात्यांवर अंगठा फिरवला, आधी जुन्याच्या, मग नव्याच्या, आणि मान हलवली. नव्याची पाती उलटी वळलेली होती. काही इंजिनांवर पट्टा पाठीने पंप फिरवतो, त्यासाठीचा हा नग. आमच्या गाडीला बसला असता अगदी चपखल, पण पाणी धड ढकललं नसतं. सोमवारी मुलांना घेऊन चढावर गेल्यावर इंजिन पुन्हा तापलं असतं.

सासूबाई उठल्या, चप्पल शोधू लागल्या. मी डॉक्टरांच्या हुकमाची आठवण करून दिली. “दुकानात वाकावं लागत नाही,” त्या म्हणाल्या. “उचलायला तुम्ही आहात.”

दुकानात त्यांनी मालकाकडून तीन पंप काउंटरवर मांडून घेतले. मालक आधी डोळ्यावरची वाटी बघून जरा हसला. त्यांनी पहिला बाजूला सारला, पुलीची बैठक बोटभर पुढे होती. दुसरा कानाशी धरून हाताने फिरवला. “यात खरखर आहे,” म्हणाल्या. मालकाने फिरवून ऐकला आणि त्याचं हसू गेलं. तिसरा त्यांनी दोनदा फिरवला, पाती तपासली, खालचं भोक मोकळं असल्याची खात्री केली (इथे त्या माझ्याकडे वळल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा) आणि सांध्यातून पाणी गळू नये म्हणून मध्ये बसवायच्या गॅस्केटसकट बांधायला सांगितला. जाताना मालकाने विचारलं, बाई, तुम्ही कुठे कामाला असता? सासूबाई म्हणाल्या, “होते.” पण परतीच्या रिक्षेत त्या सबंध वाटभर बोलत होत्या. डेपोतल्या कुठल्या बसचा पंप कितव्या फळीवर असायचा, रात्रपाळीचा कोण मेकॅनिक मुद्दाम चुकीचा नंबर सांगून त्यांची परीक्षा बघायचा आणि कसा दरवेळी हरायचा. दीड वर्षात मी त्यांचं एवढं बोलणं ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी बायकोला मी सगळं सांगितलं. ती भांडी पुसत होती. म्हणाली, “मला माहीत आहे. तुमच्या अंगठ्याच्या नखात चार दिवस पुट्टी होती.”

मी विचारलं, मग बोलली का नाहीस?

“तुम्ही कधी बोलता ते बघत होते,” ती म्हणाली आणि पुसायला एक पातेलं माझ्या हातात दिलं. मी ते इतकं पुसलं, की त्यात तोंड दिसायला लागलं. ते बघण्याची मात्र माझी तयारी नव्हती.

रविवारी सकाळी व्हॅनशेजारी सासूबाईंची खुर्ची मांडली. बायकोने कामाचे कपडे चढवले. मला बॅटरी धरायला दिली. आधी तिने एका पुठ्ठ्यावर पंपाचा आकार काढला, बोल्ट एकेक करून पंपाच्या भोकांतून घालून बघितले, पलीकडे सगळे सारखेच बाहेर यायला हवेत. त्या हिशोबाने कुठला कुठे ते पुठ्ठ्यात खोचून ठेवलं. मग जुन्या गॅस्केटचे चिकटलेले तुकडे खरवडले. सासूबाई बसल्या जागी विचारायच्या, नख अडकतं का? बायको म्हणायची, अडकतं. “मग अजून खरवड.” दीड तास हेच चाललं. मायलेकी मध्येच कशावरून तरी हसायच्या. बॅटरीचा उजेड हलला की दोघी एकदम “नीट धरा” म्हणायच्या.

पंप बसला. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळले. पट्टा चढला. पाणी भरलं. इंजिन चालू केलं, हीटर उघडला, आणि रेडिएटरच्या तोंडातून हवेचे बुडबुडे निघायची वाट बघत तिघं उभे राहिलो. म्हणजे दोघं, सासूबाई बसूनच होत्या. काटा चढायला लागला. पाव, त्याच्या पुढे, आणखी पुढे. बायकोने माझा हात धरला. बरोबर मध्यावर येऊन काटा थांबला आणि तिथेच राहिला. सासूबाई कान देऊन ऐकत होत्या. म्हणाल्या, “आता बरं बोलतोय.” आणि डाव्या डोळ्याला पदर लावला. औषधाने पाणी येतं म्हणाल्या. औषध मात्र उजव्या डोळ्यात घालतात.

बायकोने शहरभर दोन चकरा मारून आणल्या. व्हॅनखाली एक थेंब नव्हता. तेवढ्यात स्पेअर पार्टवाल्याचा फोन आला. बिलावरचा नंबर बघून केला होता. त्या बाई रोज सकाळी दोन-तीन तास काउंटरवर बसतील का, असं त्याने विचारलं. सासूबाईंनी आधी नेहमीसारखं “तुमचं तुम्ही बघा” म्हणायला तोंड उघडलं, मग थांबल्या आणि म्हणाल्या, “डोळ्याची वाटी निघाली, की येते म्हणावं.”

बायकोचं मन भरून आलं होतं. त्या भरात तिने पालकांच्या ग्रुपवर निरोप टाकला: ‘उद्या व्हॅन वेळेवर येईल. आमच्या ह्यांनी घरीच नवा पंप बसवला.’ मी म्हणालो, अगं, कशाला. पण तो निरोप मी तीनदा वाचला.

पंधरा मिनिटांत पाच उत्तरं आली. एका मुलाच्या बाबांना सोमवारी नेमकी सुट्टी होती, ते स्वतः सोडणार होते. एका मुलीच्या आजोबांना चालायला सांगितलं होतं, ते तिला चालत नेणार होते. उरलेल्या तिघांना अचानक कोपऱ्यावरच्या व्हॅनवाल्याचा नंबर हवा होता.

बायकोने शांतपणे दुसरा निरोप लिहिला: ‘चूक दुरुस्त करते. पंप माझ्या आईने निवडला आणि मी बसवला. तिने बसडेपोत एकतीस वर्षं हेच काम केलं आहे. ह्यांनी फक्त बॅटरी धरली.’

दहा मिनिटांत पाचही मुलं परत आली, आणि एका नव्या पालकाने बाराव्या मुलासाठी जागा विचारली. फक्त सुट्टी असलेल्या त्या बाबांनी, खात्री करून घ्यावी म्हणून, एक प्रश्न विचारला होता: ‘बॅटरी म्हणजे हातातली ना? गाडीतल्या बॅटरीला त्यांनी हात नाही ना लावला?’