महादेवरावांचा जबडा

महादेवराव बोकडे नमस्काराला नमस्कार करत नाहीत. "तोंड उघड गा," म्हणतात आणि खिशातून टॉर्च काढतात. आमच्या जरीपटक्यातल्या गल्लीत दूधवाला, नवा जावई, वर्गणीवाले, कोणीच यातून सुटलेलं नाही. हिंगण्याच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर माणूस कुंड्यांना पाणी घालतो. यांनी खर्र्याविरुद्ध युद्ध पुकारलं. तंबाखू-सुपारी घोटलेली ती पुडी कोणाच्या हातात दिसली की गरजायचे, "खा, खा! जबड्याले भोक पडन, मंग मले बोलावजो!" राग मात्र तरुणपणापासूनचा, त्यापायी लग्नही केलं नाही. ठरलेल्या मुलीच्या बापाच्या तोंडात खर्रा निघाला म्हणे.

मे महिन्यात त्यांनी तोंडाला दुपट्टा बांधला. उन्हाळ्यात नागपूरभर बांधतात, म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. जुलैतही सुटेना, तेव्हा पानठेल्यावर कुजबुज सुरू झाली. एक दिवस दुपट्टा घसरला. उजव्या जबड्यावर लिंबाएवढी गाठ!

आमच्या गल्लीला इतका आनंद दिवाळीतही होत नाही. "लपून खाऊन राहिला होता बुढा!" असं जो तो हसून सांगू लागला.

मी त्यांना स्कूटरवर बसवून दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. थोडा शेजारधर्म, आणि थोडं बातमी आधी आपल्याला कळावी म्हणून.

"किती वर्षांपासून खाता खर्रा?" बाईंनी विचारलं.

"सुपारीले हात लावला नाही मी!" महादेवराव एवढे ओरडले की बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले.

बाईंनी गाठीचा तुकडा तपासायला पाठवला. कॅन्सर नव्हता. मग त्यांनी विचारलं, "मुतखडा झाला होता? हाडं दुखतात?" दोन्ही होतं. रक्त तपासलं आणि चोर सापडला. गळ्यातली एक इवलीशी ग्रंथी बिघडून जास्तीचं हार्मोन सोडत होती आणि हाडांतलं कॅल्शियम रक्तात ओतत होती. अशा पोखरलेल्या हाडात गाठ धरते; जबड्यात ती आधी दिसली, एवढंच. ग्रंथी काढली की गाठ हळूहळू आपोआप ओसरेल, असं बाई म्हणाल्या.

महादेवराव थेट पानठेल्यावर गेले. "हार्मोन हाय, हार्मोन! खर्रा नाही!" आठवडाभर त्यांनी गल्लीला झोपू दिलं नाही.

पण सर्जन म्हणाले, आवाजाची नस त्या ग्रंथीला लागूनच आहे, आवाज बसू शकतो. महादेवराव उठलेच. "मंग नाही करत ऑपरेशन."

"काहून?" मी जिन्यात त्यांना गाठलं.

"कन्हानले माही मोठी बहीण हाय. तिले दिसत नाही. तिच्यासाठी मी म्हंजे आवाजच ना गा."

दर रविवारी हा माणूस कन्हानला तोंडं तपासायला जातो, अशी आमची समजूत होती.

बऱ्याच मिनतवारीनं ऑपरेशन झालं. आवाज घोगरा झाला. डॉक्टर म्हणाले, भरेल हळूहळू. पहिल्या रविवारी मीच त्यांना कन्हानला नेलं. बहिणीला त्यांनी कशाचाच पत्ता लागू दिला नव्हता.

"बाई, मी आलो."

म्हातारी दचकली. हात पुढे करून तिनं त्यांचा चेहरा चाचपला. बोटं जबड्यावर थांबली. "महाद्या, आवाज कसा झाला हा? अन् हे काय हाय? खर्रा खातं काय रे तू?"

आता हार्मोनचं भाषण होणार म्हणून मी दाराकडे सरकलो.

महादेवरावांनी तिचा हात आपल्या हातात घेतला. "हो वं बाई. चुकलो. सोडला आता."

तिनं त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला. मग तिच्या चेहऱ्यावरची भीती गेली आणि ती मनसोक्त शिव्या देऊ लागली. महादेवराव मान खाली घालून ऐकत राहिले.